कारणे द्या

आमच्या गॅसच्या शेगडीचा डावीकडचा बर्नर गेले सहा-सात महिने उशिरा पेटत होता. उशिरा म्हणजे किती, तर बटण फिरवायचं, लायटर चार-पाच वेळा खटखट करायचा, आणि मग कुठून तरी 'भक्' असा आवाज येऊन ज्योत लागायची. सगळं मिळून पाच-सात सेकंद. एवढ्याशा गोष्टीवर काय लिहायचं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते. पण त्या पाच-सात सेकंदांनी मला गेल्या महिन्यात एक धडा शिकवला. सत्तरी उलटल्यावर मिळालेला धडा लिहून ठेवलेला बरा, नाहीतर तो विसरायला कितीसा वेळ लागतो!

आमच्याकडे सकाळी स्वयंपाकाला एक मुलगी येते. मुलगी म्हणजे तशी पस्तिशीची, दोन मुलांची आई. पण माझ्या वयाला ती मुलगीच. भांडुपच्या टेकडीवरून मुलुंडला येते. पोळ्या, भाजी, आमटी असं सगळं तासाभरात उरकून पुढच्या घरी पळते. चार महिन्यांपूर्वी ती कामाला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिला आमच्या स्वयंपाकघराची ओळख करून दिली. मिठाचा डबा कुठला, तिखट किती, आमच्या ह्यांना भाजीत गूळ लागतो, वगैरे. शेवटी शेगडीकडे बोट दाखवून म्हणाले, "हा डावा बर्नर जरा उशिरा पेटतो हं. त्याचा स्वभावच आहे तसा. बटण उघडून थोडं थांबायचं, की पेटतो."

"बरं आजी," ती म्हणाली. विषय संपला.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. नेहमीची लायटरची खटखट ऐकू येत होती. आणि एकदम मोठ्ठा 'भक्कन' आवाज झाला, पाठोपाठ पोळपाट पडल्याचा. धावत आत गेले. (आमच्या वयात जेवढं धावता येतं तेवढं.) भडका शेगडीच्या वरून आलाच नव्हता. तो खालून, बटणांच्या बाजूने आला होता. तिने बटण केव्हाच बंद केलं होतं आणि हात नळाखाली धरला होता. नशिबाने भाजलं नव्हतं. पण मनगटापासून कोपरापर्यंतचे केस जळले होते, आणि तो जळक्या केसांचा वास सगळ्या स्वयंपाकघरात भरला होता. ओढणी तिने कमरेला घट्ट खोचलेली असते म्हणून वाचली. तसं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही.

आणि त्या वेळी माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "अगं, इतका वेळ बटण उघडं ठेवायचं असतं का?"

म्हणजे बघा. बटण उघडं ठेवून थांबायला मीच सांगितलं होतं. ती काही बोलली नाही. हात पुसला, पोळपाट उचलला आणि उजव्या बर्नरवर पोळ्या करून गेली. मी मात्र दिवसभर त्या वाक्याशी झुंजत बसले.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात उभी राहिले. उजवा बर्नर पेटवतानासुद्धा तिने तोंड भिंतीकडे फिरवलं, हात लांब केला आणि डोळे मिटून लायटर दाबला. मी म्हटलं, "कालपासून घाबरलीस ना?" तर म्हणाली, "कालपासून नाही आजी. मी पहिल्यापासून असंच पेटवते तुमच्याकडे."

चार महिने! मी रोज त्याच घरात होते, पण मला कधी दिसलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, त्याचा स्वभाव आहे."

"तुझ्या घरचा गॅस असा उशिरा पेटला तर काय करतेस?"

"खोलून साफ करते. कचरा अडकलेला असतो."

"मग इथे का नाही केलास?"

यावर तिने दिलेलं उत्तर मला अजून टोचतं. म्हणाली, "तुमची शेगडी, आजी. मी कशी खोलणार? काही मोडलं तर?"

आता मी चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. इतिहासाच्या पेपरात 'कारणे द्या' हा माझा आवडता प्रश्न असायचा. पानिपतात मराठ्यांचा पराभव झाला, कारणे द्या. एखाद्या मुलाने उत्तरात 'कारण त्यांचा स्वभावच तसा होता' एवढंच लिहिलं असतं तर मी त्याला भोपळा दिला असता, आणि वर समासात लाल शाईने 'हे कारण नव्हे' असंही लिहिलं असतं. आणि घरच्या शेगडीबाबत मी स्वतः सहा महिने तेच उत्तर देत होते! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी बी.ए.वाली. गॅसमधलं मला कळतं ते एवढंच, की सिलिंडरचा नंबर कधी लावायचा. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "आजी, जुनी झाली असेल, नवीनच घ्या." हेसुद्धा 'स्वभाव'च्याच जातीचं उत्तर. 'वय झालं' म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. या उत्तराची सवय आम्हा म्हाताऱ्यांना डॉक्टरांकडेही आहे! म्हणून शेवटी माझ्याबरोबर शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. त्या आता बोरिवलीला लेकाकडे असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तोंडी परीक्षा घ्यावी तसे एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"दोन्ही बर्नर उशिरा पेटतात की एकच?"

"एकच. डावा."

"मग सिलिंडर, रेग्युलेटर, रबरी नळी यांचा दोष नाही. तो असता तर दोन्हीकडे दिसला असता. काडीने कधी पेटवून बघितलं होतंस?"

"हो, मागे लायटर बिघडला होता तेव्हा. तेव्हाही उशीरच लागत होता."

"म्हणजे लायटरही निर्दोष. भडका वरून आला की खालून?"

"खालून. बटणांच्या बाजूने."

"मग आता तो बर्नर अजिबात पेटवून बघू नकोस. रेग्युलेटर बंद कर, बर्नर उचल आणि खालच्या नळीत काय आहे ते बघ."

किती सोपे प्रश्न! आणि प्रत्येक प्रश्न निम्मी शक्यता खोडून टाकणारा. मग त्यांनी मला सगळी यंत्रणाच समजावली. ती मी माझ्या भाषेत सांगते.

बटणामागे पितळेचं एक अगदी बारीक छिद्र असतं. त्याला जेट म्हणतात. त्यातून गॅस जोरात सुटतो आणि समोरच्या नळीत शिरतो. त्या जोरामुळे बाजूच्या फटीतून हवाही त्याच्याबरोबर आत ओढली जाते. नळीतून जाता जाता गॅस आणि हवा मिसळतात आणि बर्नरच्या छिद्रांतून बाहेर येतात. नुसता गॅस ठिणगीने पेटत नाही, त्याला हवा लागते, आणि तीही प्रमाणात. एलपीजी असेल तर हवेत त्याचं प्रमाण साधारण २ ते ९ टक्के असेल तरच तो पेट घेतो. त्याहून कमी असेल तर ठिणगी फुकट, जास्त असेल तरी फुकट. पेटवण्याआधीच हवा मिसळून घ्यायची ही युक्ती जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत १८५५ च्या सुमारास रॉबर्ट बुन्सेन या रसायनशास्त्रज्ञाच्या बर्नरमुळे रूढ झाली. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बुन्सेन बर्नर होता. मी रोज त्याच्यावरून स्टाफरूमकडे जात असे. पण घरच्या ओट्यावर त्याचाच भाऊ बसला आहे, हे मला कधी सुचलं नाही आणि मुलांनाही आम्ही कधी सांगितलं नाही.

आता ही नळी तुंबली तर काय होतं? गॅस जेटमधून येतच राहतो. पण वर जायला वाट नाही, म्हणून ज्या फटीतून हवा आत यायची त्याच फटीतून तो उलटा बाहेर पडतो. एलपीजी हवेपेक्षा दीड-दोन पट जड. त्यामुळे तो वर उडून जात नाही, शेगडीच्या खाली ओट्यावर पसरतो. वर आपण लायटर खटखटवत बसलेलो असतो आणि खाली तो साचत असतो. वर कशीबशी एक ज्योत लागली, की खालचा सगळा साठा एकदम पेट घेतो. म्हणजे माझ्या 'थोडं थांबायचं, की पेटतो' या सल्ल्याचा खरा अर्थ होता, 'थोडा गॅस साचू दे, मग भडकेल'. मी त्या मुलीला चार महिने रोज हे करायला लावत होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "आज पोळ्या राहू देत. पुढच्या घरी मी फोन करते, तुला उशीर होईल म्हणून. आपण दोघी मिळून शेगडी खोलू. मोडली तर मोडली." तिने एकदा माझ्याकडे बघितलं, ओढणी खोचली आणि कामाला लागली. खरं सांगायचं तर माझं काम पिशवी धरण्याचंच होतं.

तिने आधी सिलिंडरवरून रेग्युलेटरच काढून ठेवला. नळी सोडवली. बर्नर उचलले, शेगडी उभी धरली आणि बाटली धुवायचा ब्रश डाव्या नळीत घातला. काय काय निघालं सांगू? करपलेल्या दुधाच्या काळ्या खपल्या, फोडणीतून उडालेल्या मोहऱ्या, दोन-चार जिरे, आणि या सगळ्याला धरून बसलेलं कोळिष्टक. सकाळचं दूध आम्ही नेहमी डाव्या बर्नरवर तापवतो आणि ते आठवड्यातून एकदा तरी उतू जातं. (ते बघत मीच उभी असते. तरी उतू जातं. त्याची कारणं वेगळी!) बर्नर धुवायला काढला की खालचं तोंड उघडंच राहतं, आणि ओटा पुसताना सगळा चुरा त्यातच जातो. म्हणजे बर्नर मी स्वच्छ ठेवत होते आणि नळी स्वतःच्या हाताने बुजवत होते.

बर्नरची छिद्रंही पुढच्या बाजूने निम्मी बुजली होती. ती तिने एकेक करून सेफ्टी पिनेने मोकळी केली. टूथपिक वापरायची नाही म्हणाली, ती आत मोडते. मग गरम पाण्यात सोडा घालून बर्नर भिजवला, घासला आणि उन्हात पूर्ण वाळवला. ओला बर्नर तसाच बसवला तर छिद्रांत पाणी राहतं आणि तोही उशिरा पेटतो, हे मला त्या दिवशी कळलं. जेटच्या छिद्रात मात्र सुई खुपसायची नाही, असं बोरिवलीच्या बाईंनी बजावलं होतं. ते छिद्र मोजून पाडलेलं असतं. पितळ मऊ, सुईने भोक मोठं झालं की ज्योतही प्रमाणाबाहेर मोठी होते. जेट तुंबला असेल तर तो दुरुस्तीवाल्यानेच बदलावा.

सगळं परत बसवल्यावर तिने जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते बघितलं. मग बर्नर नीट खाचेत बसला आहे याची खात्री करून लायटर दाबला. एका खटक्यात निळी ज्योत! सगळा मिळून पाऊण तास. खर्च शून्य. मी सहा महिने ज्याला स्वभाव म्हणत होते, तो मूठभर कचरा होता. पिशवीत होता, फेकून दिला.

त्या दिवसापासून मला माझ्या आईची फार आठवण येते आहे. माझं लहानपण घाटकोपरच्या चाळीत गेलं. तेव्हा घरोघरी रॉकेलचा पंपाचा पितळी स्टोव्ह असायचा. काकडा पेटवायचा, वरचं तापलं की पंप मारायचा. ज्योत पिवळी पडली, फरफर करायला लागली, की आई पत्र्याच्या पट्टीला लावलेली ती केसासारखी बारीक पिन घ्यायची आणि स्टोव्हच्या छिद्रात एकदा घालून काढायची. लगेच ज्योत सरळ. पंपाचं वॉशर सुकलं तर तेल घालणं, बर्नर गळायला लागला तर घट्ट करणं, हे सगळं तीच करायची. चौथी शिकलेली बाई. पण तिच्या स्टोव्हला 'स्वभाव' नव्हता. त्याचं काहीही झालं तरी तिला कारण माहीत असायचं आणि कारण दूर करायची पिन काड्यापेटीशेजारीच ठेवलेली असायची.

पुढे गॅस आला. मुंबईत घरगुती सिलिंडर आले ते १९५५ साली, बर्मा-शेल कंपनीचे, 'बर्शेन' या नावाने. त्याच वर्षी ट्रॉम्बेजवळ माहुलला त्यांचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला होता. १९७६ साली या कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालं. माहुल आमच्या घाटकोपरपासून काही फार लांब नाही, पण तो गॅस आमच्यासारख्यांच्या ओट्यावर पोचायला मात्र बरीच वर्षं लागली. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. लग्न होऊन मी मुलुंडला आले, तरी आम्हाला सिलिंडर मिळायला १९८२ साल उजाडलं. त्या दिवशी आम्ही शेगडीला हळदकुंकू लावलं होतं. गॅसबरोबर एक माहितीपुस्तिका आली होती. ती मी गॅसच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवली. अजून आहे. गेल्या महिन्यापर्यंत ती एकदाही उघडली नव्हती!

धूर गेला, रॉकेलचा वास गेला, रांग गेली, पंप गेला. फार मोठं सुख झालं, यात शंका नाही. पण त्याबरोबर ती पिनही गेली. आईला जे हाताला ठाऊक होतं, ते मला डोक्यालाही ठाऊक राहिलं नाही. आपण दोन पिढ्यांत अशी विभागणी करून टाकली, की वापरणारी एक आणि समजणारा दुसरा. समजणारा यायला चार दिवस लागतात, मधल्या काळात वापरणारी सवय करून घेते. आणि सवय झाली की दोष दिसेनासा होतो. मला यातलं हेच सगळ्यात धोक्याचं वाटतं. सवय म्हणजे दुरुस्ती नव्हे.

'भडका' हा शब्द लिहिताना आणखी एक आठवण येते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या तरुणपणी पेपरात एक बातमी वरचेवर असायची, 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू'. तीच वाक्यरचना, फक्त गाव वेगळं. आम्ही वाचून चुकचुकायचो आणि पान उलटायचो. स्टोव्हच तो, भडकायचाच! हा स्टोव्ह नेमका नव्या सुनेच्याच हाताखाली का भडकतो, सासूच्या किंवा नणंदेच्या का नाही, हा 'कारणे द्या' प्रश्न स्त्रियांच्या संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारला. तेव्हा कुठे १९८३ साली भारतीय दंडविधानात कलम ४९८-अ आलं आणि १९८६ साली हुंडाबळीचं कलम ३०४-ब. तिथे माणसांचा दोष स्टोव्हवर ढकलला जात होता. आमच्या घरी शेगडीचा आणि माझा दोष मी कामाला येणाऱ्या मुलीवर ढकलला. दोन्हींची तुलना करायची नाही, तो गुन्हा होता आणि हा निष्काळजीपणा. पण दोन्हीकडे कारण न शोधण्याची सोय कुणाची झाली आणि हात कुणाचा पोळला, एवढं मला सारखंच दिसतं.

आणि मग माझी एक जुनी विद्यार्थिनी आठवली. सातवीत होती. रोज प्रार्थना संपल्यावर यायची. मी प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, 'वेळेचे भान नाही.' वर्ष संपता संपता तिच्या आईकडून सहज कळलं, की त्यांच्या वस्तीत नळाला पाणी साडेसहाला यायचं आणि आई कामावर गेलेली असल्याने ते भरून ठेवणं या मुलीकडे होतं. वेळेचं भान तिला माझ्यापेक्षा जास्त होतं! ते नळाच्या वेळेचं होतं, एवढंच. तिने मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. शेरा देऊन मोकळी झाले होते. एकदा शेरा दिला की चौकशी संपते. 'मंद आहे', 'आळशी आहे', 'जुनं झालंय', 'स्वभावच तसा' ही सगळी शेऱ्याची भाषा. ती बोलायचा अधिकार ज्याच्याकडे असतो, त्याचा हात बहुधा विस्तवाजवळ नसतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. घरातली वस्तू ज्याच्या हातात रोज असते, त्याला ती उघडून बघायची मुभा द्या आणि 'मोडलं तर मोडलं' हे आपण आधी म्हणा. आमच्या शेगडीचं निदान पहिल्याच दिवशी झालेलं होतं. ते करणारी रोज सकाळी माझ्या घरी येत होती. तिच्याकडे ज्ञान होतं, हातही होते. नव्हती ती फक्त परवानगी.

आता थोडं कामाचं. बर्नर उशिरा पेटत असेल तर आधी बघा, सगळे की एकच. सगळे असतील तर सिलिंडर संपत आला असेल, रेग्युलेटर नीट बसला नसेल किंवा नळी कुठे मुडपली असेल. एकच असेल तर कचरा, ओल किंवा वाकडा बसलेला बर्नर. नुसती ठिणगीच क्षीण असेल तर लायटरचं टोक पुसा, आणि लायटर बर्नरच्या मध्यावर न धरता कडेच्या छिद्रांशी धरा. बटण जड फिरत असेल तर ते काम दुरुस्तीवाल्याचं. केशरी सुरक्षा नळी वापरत असाल तर ती पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावरची तारीख बघा. ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आहे त्यांनी लक्षात ठेवावं, की त्याला जेटचं छिद्र मोठं लागतं. सिलिंडरची शेगडी तशीच जोडली तर ज्योत मरतुकडी येते. (आमच्या आजूबाजूच्या इमारतींत पाइप येऊन कितीतरी वर्षं झाली. आमची सोसायटी 'आता पुनर्विकासातच घेऊ' म्हणते आहे. त्याचीही कारणे द्या म्हटलं तर दहा गुणांचं उत्तर होईल!) गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या एकाही बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर येऊन १९०६ या मदत क्रमांकावर फोन करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बटण फिरवल्यावर चार आकडे मोजेपर्यंत पेटला नाही, तर बंद करा. खिडकी उघडा, साचलेला गॅस जाऊ द्या, मग पुन्हा प्रयत्न करा. 'थोडं थांबायचं' ते बटण बंद करून. उघडं ठेवून नव्हे.

असो. बर्नर दुरुस्त होऊनही ती मुलगी आठ-दहा दिवस तोंड भिंतीकडे करूनच पेटवत होती. भीतीचं कारण गेलं म्हणून भीती लगेच जात नाही. मीही काही बोलले नाही. तिची माफी मात्र मी मागितली. "जाऊ द्या हो आजी," म्हणाली. आमच्याकडे कामाला येणाऱ्यांना याहून दुसरं उत्तर देता येतं का, मला माहीत नाही.

मग मी तिला विचारलं, "अजून काही आहे का गं या घरात, ज्याची तुला भीती वाटते?" मला वाटलं, नाही म्हणेल. पण तिच्याकडे यादी तयार होती. कुकरची मूठ ढिली आहे, फ्रिजमागच्या वायरचं वरचं आवरण गेलंय, आणि मोरीतली दारापाशची फरशी हलते.

कुकरची मूठ बसवून झाली. वायरसाठी इलेक्ट्रिशियन उद्या येतो म्हणालाय. फरशीचं अजून बाकी आहे.